पाहुणीसाठी लावलेला कूलर

आमच्या जबलपूरच्या महापौरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. कोणतीही फाईल समोर ठेवा, कोणताही अहवाल वाचून दाखवा, ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "खुद गई थीं, दीदी?" माझ्याहून वयाने चांगले मोठे, पण कार्यालयातल्या सगळ्या बायकांना दीदीच म्हणायचे. मी "जी" म्हटलं की सही व्हायची. गेले नसेन तर फाईल परत. इतक्या वर्षांत मी एकदाही खोटं "जी" म्हटलं नाही, आणि त्याचा मला कोण गर्व होता! ज्या कामाची बोच आजही जात नाही, तिथेही मी स्वतःच गेले होते. तेच तर वाईट आहे.

ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी नोकरीत नवी होते, आणि मी निवृत्त झाले तेव्हाही खुर्चीत तेच होते. मधे एका खेपेला पडले, घरी बसले, पुन्हा आले. सुरुवातीला त्यांना रस्त्यांचं वेड होतं. बडा फुहारा बाजारातली दुकानं मागे सरकवली, रस्त्यावर आलेले पत्रे आणि ताडपत्र्या काढल्या, जिथे दोन रिक्षा एकमेकींना घासायच्या तिथे बस वळू लागली. त्या भानगडीत कडुनिंब पडले, पिंपळ पडले. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. मी तर रुंद रस्त्याचे फोटो काढून भिंतीवर लावून राहिले होते.

मग एका मे महिन्यात बडा फुहाऱ्याला कसलंसं उद्घाटन होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक हातगाडीवाला चालता चालता कोसळला. कार्यकर्ते त्याला सावलीत न्यायला निघाले, आणि सावलीच नव्हती. पार पुढच्या चौकापर्यंत नुसता पांढरा रस्ता. शेवटी महापौरांच्याच गाडीत घालून त्याला दवाखान्यात पाठवलं. तो वाचला. पण आमचे साहेब त्या दिवशी कार्यालयात आले ते थेट जुने नकाशे मागत. कुठे झाडं होती ते दाखवा म्हणाले. तिथून पुढे त्यांनी उन्हाचा जो ध्यास घेतला तो कायमचा. लोक चिडवायचे, पहले काटे, अब लगा रहे हैं. ते शांतपणे म्हणायचे, "काटे मैंने ही हैं, इसीलिए मुझे पता है कहाँ लगाने हैं।" असा माणूस. मला आवडायचा. अजूनही आवडतो.

एकदा गाडीत, मी मागे फायली मांडीवर घेऊन बसलेली, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जहाँ जाता हूँ, मेरे पहुँचने से पहले सड़क पर पानी छिड़क देते हैं। कूलर लगा देते हैं। मैंने बरसों से इस शहर की गर्मी देखी ही नहीं। इसलिए आपको भेजता हूँ।"

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट, दोन्ही कानांनी ऐकलं होतं. म्हणून मला सबब नाही.

आता काका-काकूंचं सांगते. माझे वडील वऱ्हाडातले. नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात आणि नागपूर राजधानी होती, तेव्हा नोकरीसाठी जबलपूरला आले. मग राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो. घमापूरच्या आमच्या गल्लीत अशी चार-पाच मराठी घरं होती. समोरच्या घरात काका आणि काकू. नात्याचे नव्हेत, पण माझी आई गेल्यावर वर्षभर माझा डबा काकूंच्याच हातचा असे. काका कारखान्यात होते. बोलायला तिरकस. "नागपूर आपल्याला सोडून गेलं, आपण काही त्याला सोडलं नाही," हे त्यांचं नेहमीचं, आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

त्यांचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, मातीच्या भिंतींचं. मृगाच्या आधी काका स्वतः वर चढून कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, आणि वरून काकूंना ओरडायचे, "खालून हात दे नं, तिथं काहून उभी राहून राहिली?" भर उन्हाळ्यात त्या घरात शिरलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गार वाटायचं. अभ्यासाला मी तिथेच बसायची.

महापौरांनी जुन्या वस्त्या उतरवून चार मजली इमारती बांधायचं ठरवलं तेव्हा आमची गल्ली यादीत आली. माझं घर आधीच सुटलं होतं. मी लग्न होऊन दुसरीकडे. मराठी घरांची संमती आणायला साहेबांनी मलाच पाठवलं. फॉर्मवर छपराचे दोनच प्रकार होते, कच्चं आणि पक्कं. कवेलू म्हणजे कच्चं. काका म्हणाले, "कच्चं काहून? माझ्या बापाच्या वेळचं आहे." मी समजावलं. संडास घरात येईल, पावसात गळणार नाही, दर वर्षी वर चढावं लागणार नाही, तुमचं वय झालं. सगळं खरंच होतं. शेवटी काका म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून करतो हं, पोरी." आणि सही केली.

सोडतीत त्यांना चौथा मजला आला. वर थेट स्लॅब. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. दोन वर्षांत काकांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. जिभेचा तिखटपणा तेवढा शिल्लक, पण शब्द अर्धेच बाहेर यायचे. मग ते खाली उतरलेच नाहीत. उतरवणार कोण? मूलबाळ नव्हतं. काकू एकट्या. नळ तळमजल्यावर, तोही सकाळी अर्धा-पाऊण तास. गच्चीवरची टाकी होती, पण उन्हाळ्यात तिचं पाणी हात भाजेल असं. काकू सकाळी बादल्या वर चढवायच्या. गुडघे धरून, एका एका मजल्यावर थांबत.

आणि मग साहेबांनी उन्हाचा नकाशा काढला. योजना साधी होती. ज्या इमारती सगळ्यांत तापतात, त्यांच्या गच्चीवर आधी पांढरा चुना मारायचा, टाकीवर छप्पर घालायचं, जिथे कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे तिथे गच्चीवर चटयांचा मांडव. माणसं आणि सामान थोडं, इमारती पुष्कळ, म्हणून यादी लावायची. पहिली यादी नौतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांच्या, आधी पूर्ण व्हायची, बाकीच्यांना पुढचं वर्ष. यादी कशावरून? तर आम्ही घरोघर जाऊन वरच्या मजल्यावर तापमान मोजायचं. दुपारी, घर रोज जसं असतं तसं. "घर रोज जसं असतं तसं" हे फॉर्मच्या वरच छापलं होतं. ती ओळ मीच घातली होती, बाप्पा!

काकूंच्या इमारतीत मी जायचं ठरवलं. आणि सकाळी काकूंना फोन केला, की दुपारी येते.

काहून केला? आता शंभरदा स्वतःला विचारते. पण आमच्यात असं कोणी दुपारच्या वेळी न सांगता जातं का? घरात आजारी माणूस, काकू लुगडं सोडून पडल्या असतील, आपण दार वाजवायचं हे बरं दिसतं का? मला तो फोन सर्वेक्षणातला वाटलाच नाही. तो रीतीतला वाटला.

मी पोचले ती घामाने निथळत. दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. कूलर भरून लावलेला. जमीन नुकतीच पुसलेली, ओली. खिडकीला भिजवलेली चादर. काकांची खाट कूलरच्या तोंडासमोर ओढलेली आणि त्यांच्या अंगावर धुतलेला सदरा. काका मला बघून डाव्या हाताने "ये" म्हणाले. काकूंनी पन्हं केलं होतं. वरण-भात, कैरीची चटणी, कुरडया. माझ्या ताटाशी बसून वाढत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "किती दिवसांनी आली तू. बरं झालं आली."

मी जेवले. मग चटईवर आडवी झाले आणि चक्क डोळा लागला माझा. उठले तेव्हा काका माझ्याकडे बघत होते, खूश होऊन. मी पिशवीतून तापमापक काढला.

तेव्हा मला दिसलं. समोरच्या भिंतीपाशी जमिनीवर खाटेच्या चार पायांचे गोल डाग. रोजची जागा ती, कूलरपासून लांब, कारण रोज कूलर लागतच नव्हता. त्याला दोन-तीन बादल्या पाणी लागतं आणि चार मजले चढवलेलं पाणी काकू हवेत उडवणार नव्हत्या. मोरीत बघितलं तर दोन बादल्या उपड्या. आजचं पाणी माझ्यासाठी संपलं होतं. इतकं सगळं मला दिसलं, कळलं. मी काही भोळी नव्हते.

फक्त एवढंच म्हणायचं होतं, की काकू, कूलर बंद करा, चादर काढा, मी तासभराने मोजते. नाही म्हणवलं. एवढ्या हौसेने मांडलेलं त्यांच्या तोंडावर मोडायचं? वर आणखी एक क्षुद्र विचारही होता, तोही सांगून टाकते. माझ्या जुन्या गल्लीतल्या मराठी माणसांची इमारत पहिल्या यादीत आली तर कार्यालयात म्हणतील, दीदीने अपने लोगों का करवा लिया. माझ्या निःपक्षपातीपणाला डाग लागेल. तो डाग मला खाटेच्या डागांपेक्षा मोठा वाटला. मी मोजलं. पारा होता तिथे होता. लिहून घेतलं. काकूंनी विचारलं, "चांगलं आलं का?" मी म्हटलं, "हो, चांगलं आलं." त्या खूश झाल्या. परीक्षेत पास झाल्यासारख्या.

कार्यालयात साहेबांनी कागद बघितला. खुद गई थीं? जी. इमारत यादीच्या तळाशी गेली.

नौतप्यात, ऐन दुपारी, काका गेले. डॉक्टरांनी वयाचं आणि जुन्या आजाराचं लिहिलं. तेही खोटं नसेल. मी कोण ठरवणार? पण त्याच दुपारी पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर चुना सुकत होता, तो काकूंच्या खिडकीतून दिसायचा. नर्मदेवर ग्वारीघाटाला नेलं तेव्हा रेती इतकी तापली होती की लोक पाय उचलून उचलून उभे होते. मी चपला काढून उभी राहिले. त्याने काय होतं? काही होत नाही.

साहेब भेटायला आले. ते येणार म्हणून जिना धुतला गेला, कोणीतरी आणखी एक कूलर वर चढवला. ते खाली बसले, काकूंशी हात जोडून बोलले. उतरताना मला म्हणाले, यहाँ तो ठीक ही है, रीडिंग भी ठीक आई थी न. मी मान हलवली. जिन्यात आणखी माणसं होती, एवढंच कारण.

चार दिवस मी झोपले नाही, जेवले नाही. मग एका दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. फोन, कूलर, खाटेचे डाग, "अपने लोग", सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील, निलंबित करतील. बरंच वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की अशी आणखी किती घरं असतील, जिथे आपल्या माणसांना बघून पाहुणचार झाला असेल. सगळं पुन्हा मोजायचं, आणि या वेळी कोणालाही आधी कळवायचं नाही. पंखा, कूलर, पडदा काय काय चालू होतं ते फॉर्मवर लिहायचं. भोपाळच्या सभेत त्यांनी आमच्या नव्या घरांच्या तापमानाचे आकडे अभिमानाने सांगितले होते. ते चुकीचे होते असं पत्र त्यांनी माझ्यासमोर लिहवून घेतलं आणि त्यात चूक स्वतःची म्हणून लिहिली. माझं नाव कुठेच घातलं नाही.

मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "उनको बताया?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मत बताइए, दीदी। अपना बोझ है, अपन उठाएँ। उनके सिर मत रखिए।"

मला राग आला. मनात म्हटलं, शेवटी पुढारीच. झाकायला सांगून राहिला. मी सरकारी नोकर असेन, पण खरं बोलायला घाबरत नाही. कसला तो ताठा! दोन महिने कुढले आणि एक दिवस, पुन्हा फोन करूनच, काकूंकडे गेले.

त्यांनी पुन्हा कूलर लावला होता. मी आधी तो बंद केला आणि खाली बसून सांगितलं. माझी चूक होती, मला दिसत होतं, तरी मी चुकीचं लिहिलं, नाहीतर आपली इमारत पहिल्या यादीत असती, गच्चीवर मांडव झाला असता. रडत रडत सांगितलं. सांगताना मोकळं वाटत गेलं, हेही कबूल करते. छातीवरचं ओझं खरंच उतरून राहिलं होतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं.

"म्हणजे मी कूलर लावला म्हणून झालं का गं ते?"

मी म्हटलं, नाही काकू, तसं नाही. चूक माझी. त्यांनी ऐकलंच नाही. "मीच लावला नं. जमीन मीच पुसली. हे खुणेनं म्हणत होते, पाणी राहू दे, ती घरचीच आहे. मीच ऐकलं नाही." आणि मग स्वतःशीच, "तुला जेवायला काहून थांबवलं मी."

ओझं उतरलं होतं ते कुठे गेलं, ते मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. साहेब झाकायला सांगत नव्हते. त्यांना माणसं कळत होती, मला फक्त फॉर्म भरता येत होते. मी नाना परीने समजावलं, शपथा घातल्या. काही उपयोग झाला नाही. आपल्या बायकांना एकदा स्वतःचा दोष सापडला की त्या तो कोणाला देत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजणी निघाली. काकूंच्या इमारतीत दुसऱ्या कोणी जावं असं मी म्हटलं. साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मीच गेले. न कळवता, दुपारी दोनच्या सुमारास.

काकूंनी दार उघडलं. माझ्या हातातला तापमापक बघितला आणि बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. घर भट्टी झालं होतं. भिंतीला टेकले तर पाठ भाजली. कूलर कोपऱ्यात होता, तोंड भिंतीकडे फिरवून, त्यावर काकांच्या घडी केलेल्या चादरी. मी पंख्याच्या बटणाकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "यंदा दुपारी वीज नसते. रोज जसं असतं तसंच आहे."

आम्ही समोरासमोर बसलो. पारा चढायला वेळ लागतो. माझ्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली पडून राहिला होता, घसा कोरडा पडला होता, आणि काकू माठाच्या शेजारीच बसल्या होत्या. या घरात येऊन मला पाणी मिळालं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला वाटलं, आता या माझ्यावर रागावल्या. बरं झालं, रागवा, असंही वाटलं.

वेळ झाली. मी बघितलं, लिहिलं.

"खरं आलं का?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"लिहिलं? पक्क्या शाईनं?"

मी कागद दाखवला. त्यांना वाचायला दिसत नव्हतं, तरी त्यांनी आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माठातून तांब्या भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आता पी," त्या म्हणाल्या. "मघाशी दिलं नाही. पुन्हा काही चुकलं असतं तर."